भिंतीची जाडी

पाण्यावरची रेघ टिकत नाही.
म्हणून मी पाण्याखाली मारली :
एकशे बासष्ट किलोमीटर,
किनाऱ्यावरच्या पिवळ्या खांबापासून
विहिरीच्या तोंडापर्यंत.
आधी पट्टी ठेवून, सरळ.
मग समुद्र बोलायला लागला.

इथे उतार, गाळ कधी सुटेल नेम नाही.
इथे टेलिफोनची जुनी तार.
इथे, अठराशे मीटरवर, एक लाकडी गलबत,
डोलकाठी उभी, दोरखंडाचं वेटोळं जसंच्या तसं,
कारण काळ्या समुद्राच्या तळाशी प्राणवायूच नाही.
कुजायलासुद्धा हवा लागते.
त्याला वळसा दिला तीनशे मीटरचा.
रकान्यात कारण लिहिलं : अडथळा.
कोण कुठला नावाडी,
नीट गुंडाळून ठेवला होता दोर,
उद्या लागेल म्हणून.

तेरा महिने मी या समुद्राला
अक्षरशः पाण्यात पाहत होते.

रविवारी घरी, कोझलूला.
बाबा खिडकीशी, नाकात नळी,
त्यांच्याऐवजी शेजारचं यंत्र धापा टाकतंय.
एकतीस वर्षं त्यांनी कोळसा काढला
समुद्राखालून.
तिथले बोगदे किनारा ओलांडून पुढे जातात,
डोक्यावर खडक, खडकावर पाणी,
पाण्यावर माझा मामा, जाळं टाकून बसलेला.

नाव सातिलमिश. म्हणजे विकलेला.
आधीची तीन मुलं गेली, तेव्हा त्यांच्या आईने
हा चौथा पिराला विकून टाकला,
मृत्यूला वाटावं, हे घर रिकामंच आहे.

"नेर्मिन, काय असतं गं तुझ्या त्या नळात?"
"नैसर्गिक वायू."
"नैसर्गिक तर विंचूही असतो. नाव सांग."
"मिथेन."
बाबांनी चहाचा पेला बशीत ठेवला.
"ग्रिझू," म्हणाले.

ग्रिझू.
ना रंग, ना वास.
एका आठवड्यात माझ्या वर्गातले
चार बाक रिकामे झाले होते त्याच्यामुळे,
आणि शिक्षकांनी हजेरी घेताना
ती नावं गाळली नव्हती.

"ज्याला हाकलायला आम्ही रात्रंदिवस पंखे फिरवले,
त्याला तू आवतण देतेस?"

माझ्याकडे तक्ते होते. उत्तर नव्हतं.
यंत्र धापा टाकत राहिलं.
मग बऱ्याच वेळाने,
"भिंत किती जाड?"
"एकोणचाळीस मिलिमीटर."
अंगठा आणि तर्जनीत तेवढी फट धरून
त्यांनी त्यातून समुद्र पाहिला.
"सांधे?"
"साडेतेरा हजार. एकूण एक तपासणार."
"कोण?"
"जहाजावर इसिद्रो म्हणून आहे, फिलिपिन्सचा.
आवाज सोडतो पोलादात, परत येतो तो ऐकतो."
"म्हणजे आमच्यासारखंच," बाबा म्हणाले,
"आम्ही खांबावर ठोकायचो."
आणि पहिल्यांदाच त्यांनी नकाशा
आपल्या बाजूला फिरवून घेतला.

उन्हाळ्यात जहाज आलं.
बारा-बारा मीटरचे तुकडे, जोड, तपास, पुढे सरक.
मागच्या टोकाकडून ते सगळं पोलाद
सोऱ्यातून शेव उतरावी तसं
वाकत, काहीही न बोलता, खाली गेलं.
गलबतापाशी मी रात्रभर पडद्यासमोर जागी.
नळ वळला. दोर हलला नाही.

आता घरी पिवळी नळी आली आहे, शेगडीपर्यंत.
बसवणारा बजावून गेला :
ऑक्सिजन आणि ज्योत एका खोलीत नको.
म्हणून रात्री, शेगडी बंद झाल्यावरही,
बाबा नाकातली नळी काढून ठेवतात,
दम धरतात,
भिंतीला धरून स्वयंपाकघरात जातात,
बोटाच्या पेराने नळीवर तीनदा ठोकतात
आणि कान लावतात.

परत येतात. बसतात.
श्वास जुळायला चार मिनिटं लागतात, मी मोजली आहेत.
मग सांगतात :
"आज गप्प आहे."